लाकडी चिमटा: वालेहोमधल्या एका कवितेचं प्रकरण

आमच्या शनिवारच्या लिहिणाऱ्यांच्या गटात २०२३ साली एक प्रकरण घडलं, ते मी आता नीट मांडून ठेवतेय. नागपूरकडच्या माझ्या दोन-तीन मैत्रिणी कवितेच्या कार्यशाळा घेतात आणि त्यांचा नेहमीचा प्रश्न असतो की एखादी मुलगी घरच्यांबद्दल लिहिते, लिहिलेलं चांगलं असतं, आणि ज्यांच्याबद्दल लिहिलं तेच लोक समोर पहिल्या रांगेत बसलेले असतात, तेव्हा काय करायचं. माझ्याकडे रेडीमेड उत्तर नाही, पण एक पूर्ण घडलेली गोष्ट आहे आणि त्यात माझी एक मोठी चूक आहे, तीही सांगणार आहे. जिची ही गोष्ट आहे तिला विचारून लिहितेय. नाव तिचं देत नाही, घरातल्या कुणाचंच देत नाही.

आधी गाव समजून घ्या, कारण गावाशिवाय हे घरच कळणार नाही. वालेहो म्हणजे कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या वरच्या बाजूला खाडीकाठचं गाव. इथे मेअर आयलंडवर १८५४ पासून अमेरिकन नौदलाची गोदी होती, पार १९९६ ला बंद होईपर्यंत. दुसऱ्या महायुद्धात लुइझियाना, टेक्सस अशा दक्षिणेकडच्या राज्यांतून ब्लॅक कुटुंबं या गोदीत कामाला आली आणि फिलिपिनो कुटुंबं आली ती नौदलातून. आज गावात साधारण पाचातला एक माणूस ब्लॅक आणि जवळपास तेवढेच फिलिपिनो. एकाच शाळा, एकाच बसचे थांबे, एकाच दुकानातली रांग. लग्नंही होतात. पण जेवणाच्या टेबलावर काय बोललं जातं ते वेगळं, आणि हे प्रकरण त्या टेबलावरचंच आहे.

आमची कवयित्री तेव्हा ३३ वर्षांची. वडील ब्लॅक, वालेहोतच जन्मलेले, आई फिलिपिना, फिलिपिन्समधल्या कावीते प्रांतातली, नर्स. आईचे वडील, म्हणजे तिचे लोलो (तागालोगमध्ये आजोबांना लोलो आणि आजीला लोला म्हणतात), ते १९५८ साली कावीतेमधल्या सँगली पॉइंटच्या अमेरिकन तळावर नौदलात भरती झाले. १९४७ च्या करारानंतर अमेरिका फिलिपिनो तरुणांना थेट त्यांच्या देशातून भरती करून घेत होती, पण कामासाठी जवळपास एकच खातं खुलं होतं, स्टुअर्ड. म्हणजे अधिकाऱ्यांचा स्वयंपाक, त्यांचं वाढणं, बूट पॉलिश, पलंग आवरणं. हे बंधन १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सुटलं. आता दुसऱ्या बाजूचे आजोबा ऐका. ते लुइझियानाचे, १९४० ला अठराव्या वर्षी नौदलात गेले, आणि १९४२ पर्यंत ब्लॅक माणसाला नौदलात नवीन भरती व्हायचं तर मेसमधलंच काम मिळायचं. तेच वाढणं, तेच बूट पॉलिश. म्हणजे दोन खंडांतले, दोन वंशांचे तिचे दोन्ही आजोबा, अठरा वर्षांच्या अंतराने, त्याच पांढऱ्या जॅकेटमध्ये त्याच टेबलामागे उभे होते. आणि हे दोन्ही घरांतल्या कुणाच्या कधी लक्षात आलेलं नव्हतं. हे मी आत्ताच सांगून टाकतेय पण आम्हाला हे फार उशिरा कळलं, ते पुढे येईल.

आईवडिलांचं लग्न १९८६ चं. कायद्याने अडवायचा प्रश्नच नव्हता. कॅलिफोर्नियाचा जुना कायदा, जो १९४८ ला कोर्टाने रद्द केला, तो सुद्धा फक्त गोऱ्यांशी लग्नाला बंदी घालायचा, १९३३ मध्ये त्यात ‘मलय वंश’ असे शब्द घालून फिलिपिनोंनाही आणलं होतं. ब्लॅक आणि फिलिपिनो आपापसात लग्न करतात की नाही याची त्या कायद्याला पर्वाच नव्हती, राखायचं होतं ते गोऱ्यांचं रक्त. अडवलं ते घरातून. लोला लग्नाला आल्या नाहीत. नातीच्या बाप्तिस्म्याला मात्र आल्या, आणि आईची नाइट ड्युटी असायची म्हणून मग राहिल्याच, पुढची पंधरा वर्षं. मुलीला त्यांनीच वाढवलं.

आता गट. आम्ही दहा-बारा जण, दर शनिवारी सकाळी एका कम्युनिटी हॉलच्या मागच्या खोलीत बसतो. निवृत्त शिक्षिका आहेत, एक बस ड्रायव्हर आहे, दोन नर्सिंगच्या मुली आहेत, आणि मी आहे. गट चालवायचं काम माझ्याकडे आलं कारण खोलीची चावी माझ्याकडे असायची. ही मुलगी जानेवारीत आली तेव्हा तिच्याकडे आधीच नऊ-दहा कविता होत्या, सगळ्या मोठ्या आवाजात वाचायच्या, आणि त्यातल्या सहा डेव्हिड फेगनवर.

फेगन कोण ते मलाही तिच्यामुळेच कळलं. १८९९ मध्ये अमेरिकेने फिलिपिन्स आपल्या ताब्यात ठेवायला युद्ध केलं तेव्हा त्यात ब्लॅक पलटणीही पाठवल्या. फिलिपिनो लढवय्यांनी या ब्लॅक शिपायांसाठी पत्रकं टाकली, की तुमच्याच देशात सॅम होजसारख्या माणसाला जमावाने जाळून मारलं (जॉर्जियातली त्याच वर्षीची घटना), मग तुम्ही आमच्यावर बंदुका का धरता. फेगन २४ व्या पायदळातला शिपाई, त्या नोव्हेंबरात तो पलटण सोडून फिलिपिनो बाजूला गेला, तिथे कॅप्टन झाला, अमेरिकेने त्याच्या डोक्यावर ६०० डॉलरचं इनाम लावलं, आणि १९०१ च्या डिसेंबरात एका शिकाऱ्याने एक सडलेलं मुंडकं आणून दिलं की हा घ्या फेगन. तो खरंच फेगन होता का याबद्दल आजही शंका आहे. ज्या मुलीच्या अंगात दोन्ही बाजूंचं रक्त आहे तिला हा माणूस सापडला की ती त्याला सोडणार कशी. तिच्या त्या कविता दणदणीत होत्या, लोक उठून टाळ्या वाजवायचे.

आणि मी पण भारावले, खोटं कशाला बोलू. मी आंबेडकरी घरातली, नागपूरची. मी गटात सांगितलं की जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मोकळं करणाऱ्या लोकांना अर्पण केलं होतं, आणि १९७२ मध्ये मुंबईत आमच्या पोरांनी दलित पँथर हे नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं ते. तिने ते सगळं वहीत लिहून घेतलं. सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात १९६८ च्या नोव्हेंबरपासून पुढच्या मार्चपर्यंत ब्लॅक, फिलिपिनो आणि इतर विद्यार्थ्यांनी मिळून जो संप केला, ज्यातून तिथे एथनिक स्टडीजचं, म्हणजे वेगवेगळ्या वांशिक समाजांच्या अभ्यासाचं, कॉलेज उभं राहिलं, तिथेच ती शिकलेली. म्हणजे मुक्ती, लढा, एकजूट हे शब्द तिला नवीन नव्हते. पण फेब्रुवारीत एकदा निवृत्त शिक्षिकाबाई, त्या स्वतः ब्लॅक आहेत आणि फार कमी बोलतात, तिला म्हणाल्या, “बाळा, तुझ्या कवितेत सगळे मेलेले पुरुष आहेत. तुझ्या घरात कोण आहे?”

त्यावर ती दोन शनिवार आलीच नाही. तिसऱ्या शनिवारी नाकावरची कविता घेऊन आली.

नाकाचं हे आपल्याला वेगळं सांगायला नको. आपल्याकडे बाळाला न्हाऊ घालताना तेलाच्या बोटांनी नाक ओढतात, सरळ व्हावं म्हणून, डाळीच्या पिठाने अंग चोळतात, आणि जरा मोठी झाली की उन्हात जाऊ नको काळी पडशील. फिलिपिनो घरांत अगदी हेच. चपट्या नाकाला पांगो म्हणतात, आणि आज्या रोज सकाळी नातवंडाच्या नाकाचं हाड दोन बोटांत धरून वर ओढतात, काही घरांत तर कपडे वाळत घालायचा चिमटाच लावायला सांगतात. आणि उन्हाला निघालं की “इइतिम का”, काळी होशील. फरक एवढाच की हिच्या घरात काळं होणं म्हणजे बापासारखं होणं. लोला त्याच घरात, त्याच्याच सोफ्यावर बसून, त्याच्या मुलीला हे म्हणायच्या. केस लोलांना विंचरता यायचे नाहीत, त्या कंगवा घेऊन अर्ध्या तासाने रडकुंडीला यायच्या, मग शनिवारी वडिलांची आई यायची आणि गुडघ्यांत धरून वेण्या घालायची, आणि त्या दोन तासांत दोन्ही आज्या एकमेकींशी हवापाण्यापलीकडे एक शब्द बोलायच्या नाहीत.

कवितेतल्या चार ओळी मी माझ्या मराठीत देते:

सकाळी सकाळी तिने माझं नाक धरलं
दुकानातून पळणाऱ्या पोराला धरावं तसं.
माझ्या अंगावर हात टाकणारा पहिला पोलीस
मला मऊ भात भरवायचा.

खोलीत कुणी हललं नाही. मला आतून काटा आला.

हा पोलीस तिथे कुठून आला ते तिने नंतर सांगितलं आणि ते समजल्याशिवाय ही ओळ नुसती भडक वाटेल. २०१९ च्या फेब्रुवारीत आमच्या गावात विली मकॉय हा २० वर्षांचा ब्लॅक मुलगा ड्राइव्ह-थ्रूच्या (गाडीत बसूनच खाणं घ्यायच्या) रांगेत गाडीतच झोपी गेला होता, सहा पोलिसांनी काही सेकंदांत ५५ गोळ्या झाडल्या. त्या रात्री टीव्हीसमोर लोला म्हणाल्या, काहीतरी केलंच असेल त्याने. वडील काही न बोलता ताट घेऊन उठले. मग २०२० च्या डिसेंबरात जवळच्या अँटिओकमध्ये अँजेलो क्विंटो, ३० वर्षांचा, नौदलात नोकरी केलेला फिलिपिनो मुलगा, घरच्यांनी मदतीसाठी पोलीस बोलावले आणि पोलिसांनी जमिनीवर दाबून धरल्यावर तो बेशुद्ध झाला आणि काही दिवसांत हॉस्पिटलमध्ये वारला. त्याच्यासाठी लोलांनी घरात नऊ दिवस मेणबत्ती लावून प्रार्थना केली, पासियाम म्हणतात त्याला, मृतासाठीची नऊ दिवसांची प्रार्थना. “अँजेलोसाठी नऊ दिवस,” ती म्हणाली, “विलीसाठी एक मिनिट नाही. मी दोघांसारखी दिसते ना.”

आता माझी चूक. आमचं वर्षातून एकदा जाहीर वाचन असतं, त्या वर्षी १७ जून, शनिवार. ही तारीख तिनेच सुचवलेली, कारण १२ जून हा फिलिपिन्सचा स्वातंत्र्यदिन, १८९८ चा, आणि १९ जून हा जूनटीन्थ, १८६५ मध्ये टेक्ससमधल्या गुलामांना तुम्ही मोकळे आहात असं सांगितलं गेलं तो दिवस. आणि १२ जूनलाच १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेगवेगळ्या वंशांतल्या लग्नांवरची बंदी देशभर रद्द केली होती. तिला ते मधले सात दिवस आपलेच वाटायचे. मे महिन्यात तिने मला विचारलं, फेगन वाचू की नाक वाचू. मी क्षणाचाही विचार न करता म्हटलं, नाक वाच, घाबरू नको, बायकांनी घरातलं झाकून झाकूनच आपलं वाटोळं झालंय.

हे मी तिच्याशी बोलत नव्हतेच, माझ्या आत्याशी बोलत होते. माझ्या आईने गावातल्या विहिरीच्या आठवणी लिहायला घेतल्या होत्या तेव्हा आत्याने ती वही मागून घेतली आणि परत दिली नाही, म्हणे लोक काय म्हणतील, पोरींची लग्नं व्हायचीत. फलटणच्या बेबीताई कांबळेंनी आपलं लिहिलेलं वीस वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं होतं, हे मला पाठ आहे, आणि ते मला इतकं लागतं की कुणी मुलगी वाचू का म्हणून विचारते तेव्हा माझ्या तोंडून हो शिवाय काही निघत नाही. मी तिला एवढंही विचारलं नाही की हॉलमध्ये कोण येणार आहे.

तिला वाटत होतं फक्त वडील येतील. आली सगळी. आई ड्युटी बदलून आली, टिटा म्हणजे मावशी आली, वडिलांची आई आली, तेव्हा ९१ वर्षांच्या, आणि टिटाच्या हाताला धरून, काठी टेकत, ८४ वर्षांच्या लोला. हातात फॉइलचा मोठा ट्रे, लुंपियाचा, बोटाएवढे कुरकुरीत रोल, शंभर तरी असतील. नातीचा कार्यक्रम आहे तर लोक उपाशी कसे जातील. तो ट्रे त्यांनी स्वतः टेबलावर ठेवला आणि पहिल्या रांगेत बसल्या.

मी माइकपाशी होते. मला तिचा चेहरा दिसत होता. मी तेव्हा जाऊन तिच्या कानात फेगन वाच म्हणू शकले असते, नाही गेले.

तिने नाकच वाचलं. आणि लोलांना शब्दन् शब्द कळला. लोकांना वाटतं म्हाताऱ्या बायकांना इंग्रजी येत नाही, पण फिलिपिन्समध्ये १९०१ मध्येच ‘थॉमस’ नावाच्या जहाजातून सुमारे ५०० अमेरिकन शिक्षक उतरले होते आणि त्यानंतर कित्येक दशकं शाळा मुख्यतः इंग्रजीतच असायच्या. लोला चौथीपासून इंग्रजी कविता पाठ म्हणणाऱ्या. पोलिसाच्या ओळीला टिटा उठली, खुर्ची मागच्या माणसावर आदळली, लोलांना तिने दंडाला धरून उठवलं. लोला दारापर्यंत गेल्या, तिथे एकदा वळून बघितलं, रागाने नाही, काहीतरी विसरलंय का असं बघतात तसं, आणि गेल्या. टाळ्या पडल्या. खूप पडल्या. लुंपियाचा ट्रे तसाच झाकलेला.

त्या रात्री घरच्यांच्या ग्रुपवर टिटाने लिहिलं, वालांग हिया. निर्लज्ज. तागालोगमध्ये याहून मोठी शिवी नात्यात देत नाहीत. आणि मग उतांग ना लोओब, म्हणजे जन्माचं ऋण, फेडून फिटत नाही असं, ते विसरलीस. आपल्या भाषेत सांगायचं तर खाल्ल्या घरचे वासे मोजलेस. आईने काहीच लिहिलं नाही, ते तिला जास्त लागलं. वडिलांनी फोन केला आणि म्हणाले, कविता खरी आहे, पण मला विचारलं असतंस तर मी नको म्हणालो असतो. तिला वाटलं होतं निदान ते तरी खूश होतील, शेवटी त्यांच्याच वतीने लिहिलेलं. ते म्हणाले, मी तीस वर्षं ताट घेऊन उठतो ते कुणी माझ्यासाठी भांडावं म्हणून नाही.

लोला तिच्याशी पाच आठवडे बोलल्या नाहीत.

पुढच्या शनिवारी गटात ती कविता फाडायला घेऊन आली होती. बस ड्रायव्हर, तो स्वतः फिलिपिनो, म्हणाला फाड, लोलाला पोलीस म्हणणं हे मला ऐकवलं नाही, ऐकताना मीच उठून जाणार होतो. नर्सिंगची एक मुलगी म्हणाली अजिबात नाही, माझ्या आजीनेही माझ्या नाकाला चिमटे लावले आणि मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी ते बोललं. शिक्षिकाबाई तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तिला तू वाचायला सांगितलंस. आता तू काय करणार आहेस?” मी माफी मागितली, तिथेच, सगळ्यांसमोर. ती म्हणाली, माफी नको, मला एक कळत नाहीये ते सांग, मला लोलाला सोडवायचं होतं की लोलापासून सुटायचं होतं? मला त्याचं उत्तर देता आलं नाही. कविता तिने फाडली नाही, माझ्याकडे ठेवायला दिली.

मार्ग काढला तो गटाने नाही आणि मी तर नाहीच. वडिलांच्या आईने काढला. वाचनाच्या दिवशी हॉल रिकामा झाल्यावर त्या तो ट्रे घरी घेऊन गेल्या होत्या, लुंपिया शेजाऱ्यांत वाटून टाकले, ट्रे धुतला. आता फॉइलचा ट्रे कुणी परत करत नाही, फेकूनच देतात. यांनी जुलैच्या मध्यावर त्या ट्रेमध्ये कॉर्नब्रेड भरला, मुलाला गाडी काढायला लावली, आणि लोलांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या, की तुमचं भांडं द्यायचं राहिलं होतं. भांडं रिकामं परत द्यायचं नाही हे आपल्याकडेच असतं असं मला वाटायचं.

त्या दोघी त्या दिवशी चार तास बसल्या. छत्तीस-सदतीस वर्षांची सोयरीक आणि पहिल्यांदा चार तास. काय बोलल्या ते सगळं कळलेलं नाही. कळलं ते एवढंच की भिंतीवरचा लोलोंचा फोटो बघून या म्हणाल्या, हे जॅकेट माझ्या नवऱ्याचंही होतं. लोला म्हणाल्या कसं शक्य आहे. मग मुलाला घरी पाठवून फोटो आणवला. दोन्ही फोटो टेबलावर शेजारी शेजारी. लोला म्हणाल्या, आमच्या यांना जहाजावर सगळे बॉय म्हणायचे, चाळिशीच्या माणसाला. या म्हणाल्या, आमच्यांनाही.

त्यानंतर आठवडाभराने लोलांनी नातीला बोलावणं पाठवलं, लुंपिया वळायला माणूस कमी पडतंय म्हणून.

पुढचं तिने मला जसं सांगितलं तसं लिहिते. दोघी टेबलाशी बसून वळत होत्या, ओलसर फडक्याखाली पापुद्रे, मधे सारणाचं पातेलं. तिने ठरवलं होतं की आपण काही बोलायचं नाही. फक्त एकच विचारलं, तुझं नाक कोण ओढायचं? लोला हात न थांबवता म्हणाल्या, माझी आई, आणि तू लिहिलंस ते चूक आहे, चिमटा प्लॅस्टिकचा नव्हता, लाकडी होता. मग सांगितलं. लोलांची आई युद्धानंतर सँगली पॉइंटवर लावांदेरा होती, धोबीण, अमेरिकन अधिकाऱ्यांच्या घरचे कपडे धुवायची. ओळीने पांढरे शर्ट वाळत घातलेले असायचे आणि सात-आठ वर्षांची लोला खाली उभी राहून चिमटे द्यायची. आई त्यातलाच एक चिमटा तिच्या नाकाला लावायची, दोरी भरेपर्यंत काढायचा नाही. आणि म्हणायची, आतल्या बाईचं नाक बघ, ती आत आहे, आपण अंगणात आहोत.

“मी तुझ्याशी वाईट वागले नाही,” लोला म्हणाल्या. “मला तू आत हवी होतीस.”

माफी वगैरे काही मागितली नाही. विली मकॉयचं नाव ना लोलांनी काढलं, ना तिने काढलं. हे मी मुद्दाम लिहितेय कारण अशा गोष्टी ऐकणारे लोक पुढे विचारतातच, मग लोला बदलल्या का. लोला ८४ वर्षांच्या होत्या. त्या दिवशी त्यांनी तिच्या नाकाकडे बघितलं आणि म्हणाल्या, बापावर गेलंय, आणि एक लुंपिया उघडा पडत होता तो तिच्या हातातून घेऊन नीट वळून दिला.

कविता तिने ऑगस्टमध्ये माझ्याकडून परत नेली आणि तीन महिने लिहिली. आता ती पाच पानी आहे, आणि त्यात फेगनही आला, पण कडेला, कपडे वाळत घातलेल्या दोरीच्या पलीकडच्या रानातून बघणारा. मला विचाराल तर त्याच्यावरच्या त्या सहा कवितांपेक्षा या दोन ओळींतला फेगन जिवंत आहे. दोन्ही आजोबा पांढऱ्या जॅकेटमध्ये आहेत. मधला एक तुकडा असा:

चिमटा लाकडी होता, लोला सांगते,
साहेबाच्या शर्टाला लावतात तो.
वारा सुटला की सगळे शर्ट हात हलवायचे
आणि दोरीखाली एक पोर
तोंडाने श्वास घेत उभी.

पोलिसाची ओळ तिने काढली नाही. या बाबतीत आमचा गट अजून दोन बाजूंना आहे. ड्रायव्हर म्हणतो, एवढं सगळं कळल्यावर ती ओळ ठेवणं म्हणजे हट्ट. ती म्हणते, मला पाच वर्षांची असताना जे वाटलं ते मला आता कारण कळलं म्हणून वाटलंच नव्हतं असं मी कसं लिहू. मी तिच्या बाजूची आहे. ओळीची जागा मात्र बदलली, पहिल्या पानावरून चौथ्यावर गेली, शर्टांच्या नंतर, म्हणजे तिथे पोचेपर्यंत वाचणाऱ्याला त्या हाताच्या मागचा हात दिसलेला असतो. आणि विलीसाठी तिने शेवटच्या पानावर नऊ ओळी लिहिल्या, प्रत्येक दिवसाची एक, त्यातली एकही ओळ पूर्ण वाक्य नाही.

नोव्हेंबरात तिने ती कविता लोलांना घरी वाचून दाखवली, दुसरं कुणी नसताना. पोलिसाच्या ओळीसकट. लोलांनी ऐकून विचारलं, हे छापणार का. ती म्हणाली हो, आमच्या गटाच्या पुस्तिकेत, स्टेपल मारलेली, शंभर प्रती. लोला म्हणाल्या, मग माझ्या आईचं नाव घाल, लावांदेराचं नाव कुणी लिहीत नाही. ते घातलं आहे, आणि त्या पुस्तिकेपुरतंच ते राहावं म्हणून इथे देत नाही.

गटात आम्ही काय बदललं तर फार नाही. जाहीर वाचनाआधी मी आता प्रत्येकाला एकटं गाठून विचारते, हॉलमध्ये कोण असेल, त्यांना आधी ऐकवलंय का, आणि नसेल तर ऐकवायचं नाही असं तू ठरवलंयस की तुला सुचलंच नाही. ऐकवलंच पाहिजे असा नियम अजिबात केलेला नाही, कारण काही घरांत आधी ऐकवलं की वहीच परत मिळत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार. आणि मी स्वतः “वाच” हा शब्द बोलायचं सोडलंय. शिक्षिकाबाईंनी विचारलं होतं तू काय करणार, त्याचं माझ्यापुरतं हेच आहे. आईच्या वहीबद्दल मी आत्याला या दिवाळीत फोन करून विचारलं. ती म्हणाली, शोधते.

टिटा अजून बोलत नाही. त्या डिसेंबरात सिंबांग गाबीला, नाताळआधी १६ पासून नऊ दिवस पहाटेच्या प्रार्थना असतात त्यांना, दोघी रोज त्याच चर्चमध्ये जात होत्या. लोला मधल्या बाकावर, टिटा त्यांच्या पुढे, ही दोन बाक मागे. प्रार्थना संपली की लोला आधी एकीला घरी जायला सांगायच्या आणि ती गाडीत बसली की मग दुसरीला.